भाड्याचं सॉफ्टवेअर सोडताना

ॲनिमेशन शिकत होतो तोवर सॉफ्टवेअरचा विद्यार्थ्यांसाठीचा मोफत परवाना होता. पहिलं पैशाचं काम आलं तेव्हा अटी नीट वाचल्या: त्या परवान्यावर व्यावसायिक काम चालत नाही. मग थ्रीडीसाठी एक, कंपोझिटिंगसाठी (वेगवेगळे थर जोडून अंतिम दृश्य बनवण्यासाठी) एक, चित्रांसाठी एक अशी तीन सदस्यत्वं घेतली.

काम सलग असलं की हप्ते निघायचे. पण ॲनिमेशनचं काम सलग नसतं. चार महिने हात रिकामे होते, तेव्हा थ्रीडीचं सदस्यत्व संपू दिलं. नेमकं तेव्हाच एका जुन्या ग्राहकाने विचारलं, त्या जाहिरातीतल्या सशाचा सदरा निळा करून द्याल का? फाइल माझी, ससा माझा, पण उघडायला पुन्हा पैसे भरावे लागले. त्या दिवशी मला खरी किंमत कळली. महिन्याच्या रकमेपेक्षा ती फार मोठी होती.

पुढचे तीन महिने मी मोफत, मुक्त सॉफ्टवेअरवर स्थलांतर करायला दिले. थ्रीडीसाठी ब्लेंडर निवडलं. २००२ मध्ये लोकांनी सात आठवड्यांत १ लाख युरो जमवून त्याचा सोर्स कोड, म्हणजे ज्यातून सॉफ्टवेअर बनतं ती मूळ संहिता, मुक्त करून घेतला. तो आता कुणालाही परत कुलपात घालता येणार नाही, म्हणून माझा जीव तिथे बसला. चित्रांसाठी क्रिटा आणि इंकस्केप.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो जुन्या फाइली बाहेर काढण्यात. एफबीएक्स या देवाणघेवाणीच्या फाइल-प्रकारातून पात्राची हाडं, स्किनिंग (हाडांना जोडलेली त्वचा) आणि बेक केलेल्या कीज (फ्रेमगणिक नोंदलेली हालचाल) येतात. पण पात्र हलवायचे कंट्रोल आणि हालचाली एकमेकींना बांधणारे कन्स्ट्रेंट मागेच राहतात. अलेम्बिक या दुसऱ्या फाइल-प्रकारात प्रत्येक फ्रेमचा आकार जसाच्या तसा उतरतो, मात्र त्यात हाडंच नसतात. म्हणून प्रत्येक पात्र दोन्ही प्रकारे काढलं. कंपोझिटिंगच्या प्रोजेक्टला तर धड वाटच नाही. तिथे प्रत्येक थर वेगळा रेंडर करून, म्हणजे त्याची तयार चित्रं काढून, ईएक्सआर या चित्र-फाइलींच्या रूपात फ्रेम्स साठवल्या. हे सगळं सदस्यत्व चालू असतानाच उरकावं लागतं, नंतर दार बंद.

आणखी एक जपा. दरमहा पैसे जातात म्हणून करार महिन्याचा असतोच असं नाही. माझा एक करार वर्षाचा निघाला आणि मध्येच सोडला तर उरलेल्या रकमेचा काही भाग दंड होता. मी नूतनीकरणाची तारीख लिहून ठेवली आणि तिच्या आठवडाभर आधी रद्द केलं.

ब्लेंडरमधल्या पहिल्या कामाला जवळजवळ दुप्पट वेळ लागला, तोही खर्चच. कंपोझिटिंगचं सदस्यत्व अजून घेतो, पण ग्राहकाला प्रोजेक्ट फाइलच हवी असेल तेव्हा, एका महिन्यापुरतं.

सशाचं रिग, म्हणजे त्याला हलवणारा हाडं-कंट्रोलचा सांगाडा, मी नव्याने बांधलं. पाच दिवस लागले. कान अजून पहिल्यासारखे वळत नाहीत, त्यांची वेट्स (कोणतं हाड त्वचेला किती ओढतं ते) पुन्हा रंगवतोय.