टक्के मिळाले, पेन्शन नाही : माझा अनुभव

2018 साली तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालो. जाताना मेडिकल बोर्डाने, म्हणजे लष्करी डॉक्टरांच्या मंडळाने, रक्तदाबापोटी 30 टक्के अपंगत्व लिहिलं, तेही आयुष्यभरासाठी. किमान 20 लागतात, म्हणजे अपंगत्वाची पेन्शन पक्की, असं समजून नागपूरला घरी आलो. काही महिन्यांनी पत्र आलं: आजार सेवेमुळे झालेला नाही, सेवेमुळे वाढलेलाही नाही, दावा नामंजूर.

मानकापूरला आमच्या गल्लीत एक निवृत्त सुभेदार साहेब राहतात. पत्र वाचून ते म्हणाले, "टक्क्यांचं सोडा, बोर्डाचे कागद कुठे आहेत?" माझ्याकडे नव्हतेच. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून माहिती अधिकारात मागवले. आले तेव्हा दोघांनी ओसरीवर बसून पान न् पान वाचलं. सेवेशी संबंध आहे का, या रकान्यात 'नाही'. कारण म्हणून पेनाने लिहिलेली दीड ओळ: आजार पीस स्टेशनला, म्हणजे सीमेपासून दूरच्या शांत छावणीत, असताना सुरू झाला. त्याआधी उंचावर बर्फात दोन हिवाळे काढले, त्याचा शब्दही नाही. फार लागलं ते मनाला.

भरतीच्या तपासणीत मी धडधाकट होतो, हे त्याच फायलीत होतं. साहेबांनी त्यावरच बोट ठेवलं. धर्मवीर सिंह खटल्यात 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान निरोगी होता असंच धरायचं. सेवेचा संबंध नाही हे सिद्ध करायचं ते सरकारने.

सहा महिन्यांच्या आत अपील केलं, तेही फेटाळलं. मग 2020 मध्ये मुंबईच्या सशस्त्र दल न्यायाधिकरणात, म्हणजे फौजींचे दावे ऐकणाऱ्या कोर्टात, अर्ज. तारखांना विदर्भ एक्सप्रेसने जायचो, फाईल रात्रभर उशाखाली. शेवटी निकाल माझ्या बाजूने लागला. राम अवतार खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालाप्रमाणे माझं 30 टक्के अपंगत्व वाढवून 50 टक्के धरलं. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के मिळतात, म्हणून मला त्याच्या निम्मे, 15 टक्के.

वेळेत गेलो म्हणून थकबाकी पूर्ण मिळाली. उशिरा जाणाऱ्या अनेकांना अर्जाआधीच्या तीनच वर्षांची मिळाली आहे. कामठीचा माझा एक जोडीदार 2009 ला घरी आला आणि असंच पत्र ट्रंकेत ठेवून बसला. मागच्या आठवड्यात त्याला घेऊन पोस्टात गेलो, पोस्टल ऑर्डर घेतली.