एम्बीडला बोल लावण्याआधी

"बसून पगार खातो." फिलाडेल्फियात राहायला आल्यापासून इथल्या सिक्सर्स संघाच्या बास्केटबॉलपटू जोएल एम्बीडबद्दल हे वाक्य मी रेल्वेत ऐकलंय, कामावर ऐकलंय, आणि यंदा आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत आरती झाल्यावर, हातात खिरापत असतानाही ऐकलं. तिथवर गप्प बसले. पण सांगलीच्या विश्रामबागेतल्या ज्या चुलत भावाला मीच बास्केटबॉलची गोडी लावली, त्यानेही परवा फोनवर विचारलं, "ताई, तुझा तो काचेचा पैलवान पुन्हा दवाखान्यात का?" तेव्हापासून डोकं शांत नाही. म्हणून लिहितेय.

ज्यांना हा माणूस ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कॅमेरूनच्या याउंदे शहरातला, सात फूट उंच, सव्वाशे किलोच्या आसपास वजनाचा. पंधरा वर्षांचा होईपर्यंत बास्केटबॉल त्याच्या गावीही नव्हता. २०२३ मध्ये तो एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या मुख्य बास्केटबॉल लीगचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला. जागा सेंटरची, म्हणजे बास्केटखाली उभं राहून येईल त्याला अंगावर घ्यायचं.

आता २०२४ चा जानेवारी बघा. २२ तारखेला सॅन अँटोनियोविरुद्ध त्याने एका सामन्यात ७० गुण केले आणि जुन्या जमान्यातल्या विल्ट चेंबरलेनचा ६८ गुणांचा सिक्सर्सचा विक्रम मोडला. त्या रात्री हे शहर त्याच्यासाठी वेडं झालं होतं. पाच दिवसांनी डेन्व्हरला सामना होता, समोर त्यांचा सेंटर निकोला योकिच, त्याच्या तोडीचा प्रतिस्पर्धी. गुडघा दुखत होता म्हणून एम्बीड ऐनवेळी बसला. झालं! योकिचला घाबरला, पळ काढला, प्रेक्षकांचे पैसे बुडवले, असा दोन दिवस नुसता गिल्ला. त्याच वर्षी लीगने नियम आणला होता, की ८२ पैकी किमान ६५ सामने खेळल्याशिवाय सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्कारासाठी नावच धरलं जाणार नाही. म्हणजे दुखतंय म्हणून बसला तर भित्रा, वर पुरस्कारही जाणार. आणि दुखत असताना खेळला तर गुडघा जाणार. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना.

३० जानेवारीला तो गोल्डन स्टेटविरुद्ध उतरला. मी तो सामना टीव्हीवर बघत होते. पहिल्या काही मिनिटांतच कळत होतं, की डाव्या पायावर तो पूर्ण भार टाकत नाहीये. उडी मारून खाली येताना उजवा पाय आधी टेकवत होता. माझा व्यवसायच हा असल्यामुळे मला ते बघवेना. चौथ्या सत्रात सुटलेल्या चेंडूसाठी झटापट झाली आणि त्यांचा जोनाथन कुमिंगा नेमका त्याच डाव्या गुडघ्यावर पडला. मेनिस्कसला इजा, फेब्रुवारीत शस्त्रक्रिया. त्या हंगामात सरासरी ३४.७ गुण करणारा माणूस सगळे मिळून ३९ सामने खेळू शकला. आणि तीनच दिवसांपूर्वी त्याला पळपुटा म्हणणाऱ्यांपैकी कितीजणांनी आपले शब्द मागे घेतले? माझ्या ऐकण्यात तरी एकही नाही.

मी सांगलीत फिजिओथेरपी शिकले आणि इथे एका केंद्रात तेच काम करते. गुडघ्यात दोन हाडांमध्ये कुर्चेच्या दोन गाद्या असतात, त्यांना मेनिस्कस म्हणतात. गादीच्या बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, आतल्या भागाला जवळजवळ नसतोच, त्यामुळे तिथलं फाटलेलं आपोआप भरून येत नाही. एक तर टाके घालायचे, नाहीतर फाटलेला तुकडा काढून टाकायचा. तुकडा काढला की गादी तेवढी कमी झाली, ती कायमची. मग जोर पडला की गुडघ्यात पाणी होतं, सूज येते, आणि गुडघा सुजला की मांडीचा पुढचा स्नायू दगा देतो. पेशंट पाय उचलायला जातो आणि पाय उचलत नाही. यात इच्छाशक्तीचा प्रश्न येतोच कुठे?

आमच्याकडे साठीच्या आसपासचे एक बसड्रायव्हर यायचे. हीच शस्त्रक्रिया झालेली, मेनिस्कसचा तुकडा काढलेला. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मी त्यांना गुडघा खाली दाबायला सांगायचे, दहापर्यंत मोजायचे, पाचाच्या पुढे गेले की त्यांच्या कपाळावर घाम. आणि त्याच खाटेवर पडल्या पडल्या ते एम्बीडवर तोंडसुख घ्यायचे, की एवढे कोट्यवधी मिळतात, तर खेळायला काय होतं! एकदा न राहवून मी म्हटलं, "तुम्हाला बसचा ब्रेक दाबायला अजून सहा आठवडे नाही म्हटलंय डॉक्टरांनी. त्याला तर उड्या मारायच्यात." ते क्षणभर थांबले, म्हणाले, "माझ्या पगारात आणि त्याच्या पगारात फरक आहे." पगाराने कुर्चा वाढते का हो?

त्याचा इतिहास बघा जरा. २०१४ साली एनबीएत निवड झाली ती उजव्या पावलातलं नॅव्हिक्युलर नावाचं छोटं हाड मोडलेलं असतानाच. पुढच्या वर्षी त्याच पायावर पुन्हा शस्त्रक्रिया. पहिले दोन्ही हंगाम गेले. बिल वॉल्टन आणि याओ मिंग या दोन थोर सेंटरनाही याच हाडाने छळलं. म्हणजे इतक्या उंच आणि वजनदार शरीराची ही जुनी दुखरी जागा आहे, एकट्या एम्बीडचा आळस नव्हे. पुढे डोळ्याच्या खोबणीचं हाड एकदा नव्हे, दोनदा मोडलं. मुखवटा घालून खेळला. २०२४ च्या एप्रिलमध्ये, शस्त्रक्रियेतून नुकता परतलेला असताना, बेल्स पाल्सी झाली. चेहऱ्याची डावी बाजू लुळी, डोळा नीट मिटत नाही. असे पेशंट मी बघते, त्यांना साधं चूळ भरणंही जमत नाही. त्या अवस्थेत त्याने न्यूयॉर्कविरुद्ध ५० गुण केले. काच अशी असते का?

२०२३ च्या प्लेऑफमधला, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांतला, बोस्टनमधला निर्णायक सातवा सामना तो वाईट खेळला, १५ गुणांवर अडला. मान्य. या बाद फेऱ्यांत दुसरीच्या पुढे तो संघाला नेऊ शकलेला नाही, हेही मान्य. पण पाच जणांच्या खेळात पराभवाचं खापर दरवेळी एकाच्याच डोक्यावर का?

सांगलीकर म्हणून मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. आपल्या वेटलिफ्टर संकेत सरगरला आठवा. २०२२ ची बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल स्पर्धा. १३९ किलो उचलताना दुसऱ्या प्रयत्नात कोपर दुखावलं, तरी गडी तिसऱ्यांदा बारला हात घालायला गेला. एकूण २४८ किलो झाले, सुवर्ण २४९ वर गेलं. एका किलोने. पानाची टपरी चालवणाऱ्या घरातल्या त्या पोराला "एक किलो कमी का पडला रे?" असं विचारणारा माणूस मला सांगलीत भेटलेला नाही. दुखावल्या हाताने तो पुन्हा उभा राहिला, हेच प्रत्येकजण सांगतो. कुस्तीच्या मैदानाला वाढलेली माणसं आपण. अंगाला काय लागतं ते आपल्याला कळतं. इथे स्टेडियमं चकाचक आहेत, पण ती समज कमी पडते.

हे शहर वाईट नाही, हेही सांगते. २०१५-१६ मध्ये सिक्सर्स ८२ पैकी फक्त १० सामने जिंकले, तरी लोक येत राहिले. मी इथे नवीन असताना बर्फात अडकलेली गाडी ढकलायला अनोळखी चौघे धावले होते. पण सिक्सर्सना १९८३ नंतर विजेतेपद नाही, आणि तो सगळा राग एकाच माणसावर निघतो.

२०१४ च्या ऑक्टोबरमध्ये, पायाच्या शस्त्रक्रियेतून सावरत असताना, त्याचा १३ वर्षांचा धाकटा भाऊ आर्थर कॅमेरूनमध्ये अपघातात गेला. खेळ सोडून घरी जावं असं तेव्हा वाटत होतं, हे त्यानेच पुढे सांगितलंय. मुलाचं नाव त्याने आर्थर ठेवलं. दहा वर्षांनी इथल्या एका स्तंभलेखकाने त्याच्या कामचुकारपणावर लिहिताना तो मेलेला भाऊ आणि तो लहानगा मुलगा, दोघांनाही मजकुरात ओढलं. एम्बीडने त्याला ढकललं आणि तीन सामन्यांची बंदी भोगली. ढकलायला नको होतं. पण लिहायलाही नको होतं, आणि त्याची शिक्षा कुणाला झाली नाही.

मला हे जरा जास्तच लागतं, त्याला कारण आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा गावभागातल्या आमच्या घरात पाणी होतं, आई-बाबा वरच्या मजल्यावर. माझे व्हिसाचे कागद अडकलेले. निघाले असते तर नोकरीवर परत येता आलं नसतं. बोटीसाठी फोन मी इथून केले, नंतर भिंती आणि वायरिंगचा खर्च मी उचलला. तरी एका नातेवाइकाने लग्नाच्या पंगतीत आईला ऐकवलंच, "तुमची लेक काय, तिकडे सुखात." लांब राहणाऱ्याने काय सोसलं ते पगाराच्या आकड्यात दिसत नाही.

आणि पगाराचंच म्हणाल, तर सप्टेंबर २०२४ मध्ये संघाने त्याच्याशी तीन वर्षांचा, सुमारे १९ कोटी ३० लाख डॉलरचा वाढीव करार केला तो त्याच्या गुडघ्याचे सगळे अहवाल हातात असताना. त्यानंतरच्या हंगामात सूज हटेना, १९ सामने झाले आणि एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा शस्त्रक्रिया. महावितरणचा वायरमन खांबावरून पडून घरी असेल, तर त्याची पगारी रजा आपण मोजत बसतो का?

नव्या हंगामातल्या एका बुधवारच्या सामन्याचं तिकीट मी काढलंय, अगदी वरच्या रांगेतलं. ब्रॉड स्ट्रीटखालून जाणारी गाडी थेट शेवटच्या स्टेशनापर्यंत, तिथून चालत. त्या दिवशी तो खेळेल की साध्या कपड्यांत बाकावर बसेल, हे मला आत्ता सांगता येणार नाही. मी जाणार आहे. आणि शेजारच्याने हुर्यो केली तर त्याला जानेवारी २०२४ सगळा सांगणार आहे, तारीखवार.