वादी कोण, प्रतिवादी कोण? आठवीच्या वर्गातला महाडचा खटला

आठवीच्या इतिहासात समतेच्या लढ्याचा पाठ आला की चवदार तळ्याचा सत्याग्रह बहुतेक वर्गांत घाईघाईने उरकला जातो. तारीख, बाबासाहेबांचं नाव, पाण्याची ओंजळ, पुढचा मुद्दा. यंदा या विषयाला दोन तासिका जोडून घेतल्या, म्हणजे 70 मिनिटं. तो वर्ग जसा झाला तसा लिहिते आहे. कोणाला हा पाठ घ्यायचा असेल तर उपयोग होईल.

सुरुवातीला सुतळी ताणली. एक फूट म्हणजे एक वर्ष. 1923 ते 1950 धरलं तर 27 फूट लागतात. वर्गाच्या भिंतीवर एवढी जागा नसते, म्हणून ती व्हरांड्याच्या खांबांना बांधली. पाच-पाच मुलांच्या गटांना घटनांच्या चिठ्ठ्या आणि कपड्यांचे चिमटे दिले. 4 ऑगस्ट 1923: सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर. सरकारी पैशातून बांधलेले किंवा चालवले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच शाळा, न्यायालयं, दवाखाने अस्पृश्यांना खुले. जानेवारी 1924: महाड नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठराव केला. 20 मार्च 1927: कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेचे प्रतिनिधी तळ्यावर जाऊन पाणी प्यायले. 4 ऑगस्ट 1927: नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. डिसेंबर 1927: दिवाणी दावा, तात्पुरता मनाई हुकूम, दुसरी परिषद आणि 25 तारखेला मनुस्मृतीचं दहन. 17 मार्च 1937: मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल. 26 जानेवारी 1950: संविधान अमलात.

इथे एक अडचण हमखास येते. 1927च्या एका फुटात चिठ्ठ्यांची गर्दी होते आणि मुलं त्या पुढे-मागे सरकवून सुतळीवर सारख्या पसरवू पाहतात. तसं करू देऊ नये. त्या एकाखाली एक लटकवायच्या. गर्दी आणि रिकामी जागा दोन्ही डोळ्यांना दिसल्या पाहिजेत. ठराव 1924चा, पाणी 1927ला. मधली सुतळी मोकळी. एका मुलाने विचारलं, "बाई, ठराव झाला होता ना? मग तीन वर्षं कोणी प्यायलंच नाही?" मला हवा होता तो प्रश्न हाच. कागदावर खुलं झालेलं तळं प्रत्यक्षात बंदच होतं. त्या तळ्यावर जाणं म्हणजे मार खाण्याची तयारी ठेवणं होतं, आणि 20 मार्चला ते खरंही ठरलं. वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली, जेवायला बसलेल्या प्रतिनिधींवर हल्ला झाला. पुढे 108 घागरी पाणी काढून पंचगव्याने तळं 'शुद्ध' करण्यात आलं.

या तपशिलावर मुलं अडकतात. गोमूत्र म्हटलं की हसू फुटतं आणि पाठ भलतीकडे जातो. म्हणून मी लगेच पुढचा कागद वाटला. त्यावर चार रकाने होते: हे कोणी केलं? कोणत्या अधिकारात? खर्च कोणाचा? अंमल झाला का? 'कोणी केलं' या रकान्यात मुलं आधी फक्त बाबासाहेबांचं नाव लिहितात. तेव्हा परिषदेसाठी आधीपासून राबणारे रामचंद्र बाबाजी मोरे आणि संभाजी गायकवाड यांची नावं द्यावीत, त्यानंतर अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस, गंगाधर सहस्रबुद्धे यांची. हा क्रम मी मुद्दाम पाळते. उलटा लावला तर ऐकणाऱ्याच्या मनात ही भल्या सवर्णांची गोष्ट होऊन बसते, आणि ज्यांनी डोकी फोडून घेतली ते मागे पडतात.

त्या दिवशी वर्ग हलला तो खटल्यापाशी. 1927 ते 1937 ही दहा फूट सुतळी रिकामी होती. तिथे काय चाललं होतं, असं विचारल्यावर सगळे म्हणाले, "बाबासाहेबांनी केस केली." मी दाव्यातल्या पक्षकारांचा कागद पुढे केला. मागच्या बाकावरची एक मुलगी वाचता वाचता थांबली. "बाई, वादी तर ते लोक आहेत. बाबासाहेब प्रतिवादी आहेत." वर्गात एकदम गलका झाला. पाणी पिणाऱ्यांवरच दावा? हो. तळं खासगी आहे आणि अस्पृश्यांना तिथे येऊ न देण्याची जुनी रूढी आहे, असं वादींचं, म्हणजे महाडच्या सवर्णांचं, म्हणणं होतं. मनाई हुकूम असल्याने डिसेंबरच्या परिषदेत पाणी घेणं पुढे ढकललं गेलं. उच्च न्यायालयाने शेवटी सांगितलं की अशी अनादी काळापासूनची रूढी सिद्ध झालेली नाही.

मुलांनी नाटक करू या म्हटलं. मी नाही म्हटलं. पाण्यापासून हाकलला जाणारा कोण होणार, हे वर्ग आपोआप ठरवतो आणि त्याचं कारण त्या मुलाला पक्कं कळतं. याच कारणासाठी या पाठात हात वर करायला लावू नये, आडनावावरून प्रश्न विचारू नये, घरचा अनुभव सांग म्हणू नये. कोणी आपणहून सांगितलं तर ऐकावं. नाटकाऐवजी चिठ्ठ्या टाकून दोन बाजूंचे वकील नेमले. वाद फक्त दोन प्रश्नांवर: तळं कोणाच्या मालकीचं, आणि रूढीला पुरावा काय? वादीच्या वकिलाला "आमच्याकडे असंच चालत आलंय" याच्यापुढे जाता येईना. समोरच्या मुलीने म्हटलं, "तळ्याची देखभाल नगरपालिका करते, तर ते गावाचं." तिला कोणी काही शिकवलेलं नव्हतं.

शेवटच्या वीस मिनिटांत संविधानाच्या अनुच्छेद 15(2)चा मजकूर बोले यांच्या ठरावाशेजारी ठेवला. जातीवरून कोणालाही अडवता येणार नाही अशा जागांची त्यात यादी आहे: विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते. पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या निधीतून राखलेले. मुलांनी जुळणारे शब्द पेन्सिलीने गोल केले. अस्पृश्यता नष्ट करणारा अनुच्छेद 17 सगळ्यांना पाठ असतो, 15(2) कोणी वाचत नाही. महाडचं पाणी संविधानात कुठे पोचलं ते मात्र याच कलमात दिसतं.

"पण आता असं कुठे असतं?" हा प्रश्न दरवर्षी येतो. त्यावर वाद घालू नये, कायदा वाचायला द्यावा. 1955चा अस्पृश्यता (गुन्हे) कायदा, 1976 पासून त्याचं नाव नागरी हक्क संरक्षण कायदा. मग 1989चा अत्याचार प्रतिबंधक कायदा. त्यात अनुसूचित जाती-जमातींचे लोक वापरतात तो पाणवठा घाण करणं हा स्वतंत्र गुन्हा म्हणून लिहिलेला आहे. 1927 नंतर 62 वर्षांनीही हे कलम लिहावं लागलं. विचारणारा मुलगा ते दोनदा वाचून खाली बसला.

घरचा अभ्यास असा दिला: आपल्या वस्तीतला एक सार्वजनिक पाणवठा निवडायचा, तो कोणाच्या निधीतून चालतो ते ग्रामपंचायतीत विचारायचं आणि तेच चार रकाने भरायचे. ठरावाची प्रत तोंडी मागून मिळाली नाही, तर घरच्या मोठ्या माणसाच्या नावाने माहिती अधिकाराचा अर्ज: शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. अर्जाचा नमुना फळ्यावर लिहून दिला आहे. उत्तरं येतील तसे कागद त्याच सुतळीवर, 1950च्या पुढे लावायचे. त्यासाठी आणखी सुतळी आणून ठेवली आहे.