मागच्या रांगेच्याही मागे

लालबाग-परळात आमच्या लहानपणी गिरणीच्या चिमणीचा फोटो कोणी काढत नसे. कशाला काढायचा? ती तर रोज डोळ्यांसमोरच असायची. फोटो निघायचे ते लग्नात, बारशाला, फार तर गणपतीत, आणि तेही ज्यांच्या ओळखीत कॅमेरावाला असे त्यांचे. अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी शाळेच्या कपाटातले जुने गठ्ठे सोडून बसलो तेव्हा ध्यानात आलं, की आमचं गिरणगाव वर्षानुवर्षं एकाच जागेवरून कोणी टिपलं असेल तर ते वर्गावर्गाच्या ग्रुप फोटोंनी. तेही अनवधानानं.

दरवर्षी फोटो मैदानाच्या त्याच टोकाला. बाकांवर मधोमध मुख्याध्यापक, दोन्ही अंगांना सर आणि बाई, पुढ्यात मांडी घातलेली बुटकी मुलं, त्यांतल्या एकाच्या हातात इयत्ता, तुकडी आणि साल लिहिलेली पाटी. उंच पोरं मागे. फोटोग्राफर काळ्या कापडात डोकं घालून "हलू नका" म्हणायचा आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी हलायचं. 'क' तुकडीच्या जवळजवळ प्रत्येक फोटोत एक चेहरा पुसट आहे, यात मला तरी नवल वाटत नाही. मागच्या रांगेच्या मागे कुंपणाची भिंत, तिच्यावर गिरणीचं करवतीसारखं छप्पर आणि त्याहून उंच चिमणी. ती टाळायचा प्रयत्न फोटोग्राफरने केलेला दिसतो. एका वर्षी तर ती एका मुलाच्या डोक्यातून उगवल्यासारखी आली आहे. तो मुलगा आज आजोबा आहे आणि हा फोटो स्मरणिकेत छापू नका म्हणून त्याने मला दोनदा बजावलं आहे.

ती चिमणी कोणत्या गिरणीची, यावर आमच्या समितीत चहा गार होईपर्यंत वाद झाला. कोणी दिग्विजय म्हणालं, कोणी इंडिया युनायटेड. शेवटी चित्रकलेच्या सरांनी भिंग घेतलं. पोरांनी डोळे किलकिले केलेत, म्हणजे ऊन तोंडावर. फोटो प्रार्थनेआधी निघायचा, म्हणजे सकाळचं ऊन. मग वर्ग पूर्वेला तोंड करून बसला आहे आणि पाठीमागचं सगळं पश्चिमेचं. दिग्विजय आमच्या पूर्वेला, ती बाद. पुढचा निर्णय अजून व्हायचा आहे.

सालवार फोटो टेबलावर मांडले की एक गंमत दिसते. साठीतले कृष्णधवल फोटो आजही खणखणीत आहेत, छपराच्या काचा मोजता येतील इतके. ऐंशी-नव्वदीतले रंगीत मात्र तांबडे पडलेत. त्या काळच्या रंगीत कागदातली निळसर छटा आधी उडते आणि मागे लालसरच उरते. शिवाय चिकट पानांचे, वर प्लॅस्टिक असलेले अल्बम तेव्हा घरोघर आले होते. त्यांतून फोटो सोडवायला गेलं की पापुद्रा हातात येतो. त्यामुळे आमच्या आधीच्या पिढीचं गिरणगाव आमच्या गिरणगावापेक्षा स्पष्ट दिसतं. एका जुन्या फोटोत कबड्डीचा संघ ढाल घेऊन रस्त्याच्या कडेला उभा आहे आणि त्यांच्या पायांशी ट्रामचे रूळ. मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली, म्हणजे फोटो त्याआधीचा असावा. रूळ मागाहून उखडले असतील तर गोष्ट वेगळी.

पण मी सगळ्यात जास्त वेळ घालवला तो लागोपाठच्या दोन फोटोंवर. १९८१-८२ च्या नववीत चिमणीचा धूर उजवीकडे झुकलेला आहे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. कामगार नेते दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. १९८२-८३ च्या दहावीच्या फोटोत चिमणी आहे, धूर नाही, आणि मधली रांग आखूड आहे. कोणी कोकणात गेलं, कोणी साताऱ्याकडे, गावच्या शाळेत नाव घातलं. काही जण मुंबईतच होते, पण फोटोचे पैसे भरले नव्हते म्हणून त्या दिवशी आलेच नाहीत. माझे वडील साचे, म्हणजे माग, सांभाळायचे. त्या वर्षी ते चाळीच्या तोंडाशी कांदे-बटाटे घेऊन बसले, आणि ओळखीचं गिऱ्हाईक आलं की आतल्या माणसाला पुढे करायचे.

त्यानंतरच्या फोटोंत बदल सावकाश येतो. चिमणी उभी, छपराच्या काचा फुटत चाललेल्या. मग छप्पर नाही. मग क्रेन. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे महापालिका, घरं आणि मालक असे वाटे ठरले होते. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती उरली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. अलीकडच्या फोटोंत पोरांच्या मागे काचेचा मनोरा आहे. काचेवर ऊन परावर्तित होतं, म्हणून फोटोग्राफर आता वर्गाचं तोंड फिरवून बसवतो. म्हणजे तो पुरावाही इथून पुढे मिळायचा नाही.

आता त्याच परिसरातल्या हॉटेलांच्या भिंतींवर गिरण्यांचे मोठे कृष्णधवल फोटो लावतात. मला ते पाहवत नाही. आणि आमच्यातले जे "काय दिवस होते!" म्हणून उसासे टाकतात, त्यांचंही मला पटत नाही. कापसाच्या तुसाने छाती भरून खोकणारी माणसं प्रत्येक मजल्यावर होती. गाळ्यात झोपायची जागा पाळीप्रमाणे मिळायची, एक उठला की दुसरा आडवा. फोटोत यातलं काही नाही. भोंगा नाही, तेलकट ओल्या कापसाचा वास नाही. खानावळ चालवणाऱ्या बायकाही नाहीत. त्यांच्या हातचं जेवून ज्यांच्या वडिलांनी गिरणीत उमेदीची वर्षं काढली, ती पोरं मात्र प्रत्येक रांगेत आहेत.

एक विनंती. घरी जुने ग्रुप फोटो असतील तर शाळेत आणून द्या, स्कॅन करून परत मिळतील. पाठीमागे बॉलपेनने लिहू नका, अक्षर पुढे उमटतं. मऊ पेन्सिल चालेल. आणि चेहऱ्यांबरोबर भिंतही पाहा. १९६८ च्या सातवी 'अ' च्या फोटोत कुंपणावर कोपर टेकून एक माणूस फोटो निघताना पाहतो आहे. अंगात बंडी, खांद्यावर डबा, बहुधा रात्रपाळी सुटून निघालेला. खाली छापलेल्या नावांत अर्थातच त्याचं नाव नाही. कोणाचे वडील, काका, शेजारी असतील आणि ओळख पटली, तर कार्यालयात कळवा. यादीत वर एक ओळ वाढवायला जागा ठेवली आहे.