पद्मिनी, नोंद सहावी : शेडमधलं जुनं ऑइल

माझ्या जुन्या प्रीमियर पद्मिनीचा, म्हणजे फियाट गाडीचा, कार्ब्युरेटर बसला, त्याची नोंद मागे टाकली आहेच. आता ऑइल भरायचं आणि स्टार्टर मारून बघायचं, एवढंच उरलं होतं. तेवढ्यात काकांचा फोन आला : "मळ्यातली शेड आवरतोय. ऑइलचे डबे पडलेत, तुझ्या फियाटला चालत असतील तर ने, नाहीतर भंगारात जातील."

फुकटचं ऑइल! दुसऱ्या दिवशी सकाळीच अमळनेरहून निघालो.

बोरीकाठच्या मळ्यात ठिबकच्या नळ्यांच्या भेंडोळ्यामागे दोन गोष्टी सापडल्या. ट्रॅक्टरच्या १५डब्ल्यू-४० ऑइलची (हे आकडे म्हणजे ऑइल किती पातळ-घट्ट, त्याची ग्रेड) वीस लिटरची बादली, निम्मी भरलेली, झाकणावर पिशवी ताणून सुतळीने बांधलेली. आणि २०डब्ल्यू-५० चे एक-एक लिटरचे तीन सीलबंद डबे, २०१६ चे. पण खरा माल काकूंनी घरातल्या माळ्यावरून काढून दिला : पाच लिटरचा पत्र्याचा डबा, २०डब्ल्यू-४०, वर एपीआय एसएफ ही दर्जाची श्रेणी, तळाला १९९६ चा शिक्का. सीलला हातही लागलेला नव्हता. काका स्वतः फियाट चालवायचे तेव्हाचा तो डबा.

मिस्तरींना दाखवला तर ते हसायलाच लागले. "भाऊ, तेल काय लोणचं शे का, जितलं मुरस तितलं चांगलं?"

माझा जीव मात्र त्या डब्यात अडकला होता, आणि त्याला कारण आहे. एसएफ ही १९८८ पर्यंतच्या इंजिनांसाठीची श्रेणी, माझी गाडी १९८६ ची. हिच्या १०८९ सीसी इंजिनात पुशरॉड आणि सपाट टॅपेट आहेत. कॅमचं नाक, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावरचा उंचवटा, टॅपेटवर घासत फिरतं, तिथे झीज थांबवायला झिंक-फॉस्फरसचं अ‍ॅडिटिव्ह लागतं. पुढे नव्या गाड्यांचा धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जपायचा म्हणून २००४ च्या एसएम श्रेणीपासून ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० अशा पातळ ग्रेडमधल्या फॉस्फरसवर ०.०८ टक्क्यांची मर्यादा आली. म्हणजे ऑइल नवं म्हणून आपल्या म्हाताऱ्या गाड्यांना ते आपोआप जास्त चांगलं, असं नाही.

एका मित्राने तर कोडंच घातलं : कच्चं तेल जमिनीत कोट्यवधी वर्षं पडून होतं, डब्यात दहा वर्षं राहिलं तर काय बिघडतं? ऐकायला बिनतोड आहे. पण जमिनीत डिटर्जंट नव्हता, फेस मोडणारं सिलिकॉन नव्हतं, घासण थांबवणारं काही नव्हतं. बेस ऑइल, म्हणजे मूळ तेल, पुष्कळ टिकतं. त्यात मिसळलेलं सामान हळूहळू खाली बसतं किंवा आपसात झिजतं. म्हणून सीलबंद डब्यालाही साधारण चार-पाच वर्षांचीच मुदत धरतात, आणि तीसुद्धा थंड, कोरड्या जागेत.

थंड, कोरडी जागा, ती खानदेशात! शेडमध्ये थर्मामीटर टांगून आलो होतो. मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली ५१ अंश, पहाटे २८. या चढउताराने अर्धी रिकामी बादली श्वास घेते. दिवसा आतली हवा फुगून बाहेर पडते, रात्री आकसते आणि झाकणाच्या फटीतून बाहेरची हवा आत ओढते, दमट असेल तर दमटपणासकट. झाकणाच्या खोलगट भागात पावसाचं पाणी साचलेलं असलं तर तेच आत जातं. सुतळीने बांधलेली पिशवी काय अडवणार?

तपासणीचं साधन म्हणजे घरातला जुना तवा. (विचारून घेतला होता. परत घेणार नाही असं उत्तर मिळालं.) अंगणात, डोळ्यांवर चष्मा लावून, तवा चांगला तापवून एकेक थेंब टाकला. बादलीतला थेंब मोहरीसारखा तडतडला, म्हणजे पाणी आहे. तसं ते आधीच चहात थोडं दूध पडल्यासारखं दिसत होतं. २०१६ चं आणि १९९६ चं दोन्ही गपचूप पसरले, नुसता धूर.

इथे मी जवळजवळ जिंकलो होतो.

पत्र्याच्या डब्यातलं ऑइल न हलवता, अगदी हळू बरण्यांमध्ये काढलं. पहिल्या चार बरण्या मधासारख्या स्वच्छ. पाचवी गढूळ. मग कटरने डबा कापला. तळाला बोटाच्या पेराएवढा नाही, पण नखाने खरवडून निघेल इतका तपकिरी, जेलीसारखा थर होता. डबा जोरात हलवला असता तर तो मिसळला असता का? थोडा चमच्याने घेऊन गरम ऑइलमध्ये ढवळून पाहिला, गुठळ्या तशाच फिरत राहिल्या. म्हणजे वरचं स्वच्छ दिसणारं तेलही आता डब्यावर छापलेलं तेल राहिलेलं नाही. ज्यासाठी तो डबा हवा होता त्यातलं किती खाली उतरलं, ते तवा सांगत नाही. नुकतंच बेअरिंग बदललेल्या इंजिनात मी ते ओतणार नाही.

२०१६ च्या डब्यांवर मिस्तरी आणि माझं एकमत झालं नाही. ते म्हणाले चालेल. तळ स्वच्छ आहे हे खरं, पण तितके उन्हाळे पत्र्याखाली काढलेत. ते फक्त धुवायला वापरायचं ठरलं : दहा मिनिटं इंजिन चालवायचं आणि गरम असतानाच काढून टाकायचं. त्यासाठी तीन लिटर पुरले.

ड्रेन बोल्टमधून जे आलं ते शाईसारखं काळं. ते आणि बादलीतलं पाणी प्यायलेलं, दोन्ही मिस्तरींच्या जळक्या ऑइलच्या पिंपात गेलं. पिंप भरलं की परवानाधारक माणूस येऊन उचलतो. काका आधी ते बांधावर ओतायला निघाले होते, त्यांना विहीर दाखवून थांबवलं.

मग नवं २०डब्ल्यू-५० आणलं. दुकानात आधी डबा उलटा करून पॅकिंगचा महिना बघितला. पहिला डबा दीड वर्षापूर्वीचा, मागच्या रांगेतून चार महिन्यांपूर्वीचा काढून घेतला. दुकानदाराने माझ्याकडे दूध घेणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं बघितलं.

ऑइलचा दिवा तीन सेकंदांत विझला. टॅपेटची टकटक मात्र आहे, तिसऱ्या सिलिंडरला सगळ्यात जास्त. रविवारी गेज लावून टॅपेटची फट बघतो. चार स्वच्छ बरण्या दाराच्या बिजागऱ्यांसाठी ठेवल्यात, पाचवी खिडकीत आहे.