तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन शेवटी बघा

"जुना ट्रॅक्टर घ्यायचाय, इंजिन चांगलं आहे हे कसं ओळखायचं?" हा प्रश्न मला सतत येतो. जुना म्हणजे साठ ते ऐंशी वर्षांपूर्वीचा. राखाडी फर्ग्युसन टीई-२०, मॅसी फर्ग्युसन ३५, फोर्ड ८एन, या पिढीतला. माझं उत्तर ठरलेलं आहे: इंजिन जरूर बघा, पण सगळ्यात शेवटी. आधी ट्रॅक्टरच्या मागे जाऊन उभे राहा.

इंजिन बिघडलं की ते लपत नाही. धूर सोडतं, ऑइल खातं, ठोके देतं. आणि बिघडलं तरी त्याचा मार्ग ठाऊक असतो. लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग बदलली की झालं. टीई-२० १९४६ ते १९५६ या काळात पाच लाखांच्या वर बनले, त्यामुळे त्यांचे सुटे भाग आजही नव्याने तयार होतात. खरा खर्च मागे दडलेला असतो: गिअरबॉक्स, डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारे गिअर), हायड्रॉलिक पंप. या ट्रॅक्टरांना वेगळी चॅसी नाही. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागच्या एक्सलचं घर एकमेकांना बोल्टने जोडलेलं, तोच सांगाडा. त्यामुळे साधी क्लच प्लेट बदलायची तरी ट्रॅक्टर मधोमध सोडवून दोन भाग वेगळे करावे लागतात. ज्या कामाला भाग थोडे आणि मजुरी भरमसाट लागते, ते काम आधी तपासायला नको का?

टीई-२० मध्ये गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि लिफ्ट (मागचं अवजार उचलणारी हायड्रॉलिक यंत्रणा) एकाच ऑइलवर चालतात. उघड्यावर उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरमध्ये गिअरच्या दांड्याच्या फाटक्या रबरातून पावसाचं पाणी आत उतरतं. ऑइलची पट्टी बाहेर काढा. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी आत आहे, आणि ते किती दिवसांपासून आहे हे मालकालाही सांगता येणार नाही. मी तिथेच थांबतो आणि ऑइल खालून थोडं सोडून दाखवायला सांगतो. आधी पाणी येतं की ऑइल, सोबत धातूचा चुरा किंवा गिअरच्या दाताचा तुकडा येतो का, हे डोळ्यांनी बघतो. नकार मिळाला तर मी परत फिरतो.

मग लिफ्ट. इथे बरेच जण फसतात, तेही उलट्या बाजूने. टीई-२० चा हायड्रॉलिक पंप पीटीओच्या, म्हणजे मागच्या अवजाराला इंजिनाची ताकद देणाऱ्या, शाफ्टवर चालतो; पीटीओ टाकला नसेल तर लिफ्ट उचलतच नाही, आणि क्लच पूर्ण दाबला की पंपही थांबतो. हे माहीत नसलेला माणूस चांगल्या ट्रॅक्टरची लिफ्ट मेली म्हणून निघून जातो. तेव्हा पीटीओ टाका, जड अवजार जोडा, उचला. हिसके देत वर येत असेल तर पंपाच्या व्हॉल्व्हवर संशय घ्या. वर आल्यावर इंजिन बंद करा, अवजारापासून लांब उभे राहा आणि बघत राहा. सावकाश खाली येणं या वयात चालतं. इंजिन बंद केल्याबरोबर धपकन बसलं तर आत काम आहे.

गिअर सपाट रस्त्यावर तपासून काही कळत नाही. उतारावर एक-एक गिअर टाकून ॲक्सिलरेटर सोडा, म्हणजे ट्रॅक्टर इंजिनवर धरला जाईल. झिजलेला गिअर इथेच निसटतो. मात्र त्याआधी दोन्ही ब्रेक धरतात याची खात्री करून घ्या.

तासांच्या मीटरवर माझा भरवसा नाही. एक तर तो मूळचा नसतो, नाहीतर कधीच बंद पडलेला असतो. त्यापेक्षा ड्रॉबारची (मागे ओढण्यासाठी असलेल्या पट्टीची) भोकं बघा, लांबट झाली असतील तर ओढकाम भरपूर झालंय. क्लचच्या पेडलवरची नक्षी घासून गुळगुळीत झालीय का, पुढची चाकं धरून हलवली तर किती खेळतात, तेही बघा. टायरमध्ये वजनासाठी कॅल्शियम क्लोराइडचं पाणी भरलं असेल तर व्हॉल्व्हभोवती रिम गंजून पापुद्रे सुटतात. नवा रंग मी मोजतच नाही. उलट ब्लॉकच्या बाजूला ताजा रंग जाड दिसला तर मी तिथे बोट फिरवतो, कारण थंडीत पाणी गोठून फुटलेल्या ब्लॉकची वेल्डिंग अशीच झाकतात.

आता इंजिन. ते शेवटी बघायचं असलं, तरी पोचल्याबरोबर मॅनिफोल्डला (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळकांड्याला) हात लावा. गरम असेल तर तुमच्यासाठी आधीच चालू करून ठेवलंय, आणि थंड इंजिन चालू करून बघायची कळीची परीक्षा हुकली. मॅसी ३५ च्या सुरुवातीच्या चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनाबद्दल तर ही अट मी सोडतच नाही, कारण ते थंडीत चालू होण्याबाबत पहिल्यापासून बदनाम आहे. १९५९ नंतरचं तीन सिलिंडरचं पर्किन्स इंजिन मिळत असेल तर डोळे मिटून तेच निवडा. बाकी ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) भकाभका वाफा येतात का, धूर निळा राहतो का, रेडिएटरमध्ये तेलाची तवंग दिसते का, एवढं बघितलं तरी पुरे.

एक गोष्ट मात्र कुणी विचारत नाही, म्हणून मी न विचारता सांगतो. टीई-२० आणि ८एन या दोन्हींत पीटीओ गिअरबॉक्समधून चालतो. मागे गवत कापायचं फिरतं यंत्र असेल तर क्लच दाबल्यावरही त्याची जड पाती फिरत राहतात आणि तोच जोर शाफ्टमधून उलटा येऊन ट्रॅक्टरला पुढे ढकलतो. तुम्ही क्लच दाबून बसलेले आणि ट्रॅक्टर कुंपणाकडे चाललेला! पीटीओच्या शाफ्टवर ओव्हररनिंग कपलर बसवला की हा उलटा जोर तुटतो. भाग छोटा आणि स्वस्त आहे. ट्रॅक्टर घरी आणायच्या आधी तो आणा.

आणि उलटताना वाचवणारी चौकट. स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरांना ती सक्तीची केली, पण आपण बोलतोय ते ट्रॅक्टर बहुतेक तिच्याशिवायच बनले. तुमच्या मॉडेलसाठी तपासून मान्य केलेली चौकट मिळत असेल तर ती सीटबेल्टसकट बसवा आणि तिचे पैसे ट्रॅक्टरच्या किमतीतच धरा. तोपर्यंत उतारावरचं काम नको, आणि ओढायची साखळी फक्त ड्रॉबारला लावा. टॉप लिंकला (अवजाराला वरून धरणाऱ्या दांड्याला) किंवा एक्सलला लावलीत तर पुढची चाकं उचलून ट्रॅक्टर मागे उलटायला क्षणही लागत नाही.