तिसऱ्या खांबाखाली

दगडी कमानींचा पूल धोकादायक झालाय म्हटलं की लोक कठड्यात उगवलेला पिंपळ दाखवतात. पिंपळ काढायलाच हवा, त्याची मुळं सांधे उकलतात. पण ज्या पुलाबद्दल लिहितोय त्याच्या दुखण्याशी पिंपळाचा काही संबंध नव्हता. कोकणातली एक आखूड, तापट नदी आणि तिच्यावरचा ब्रिटिश अमदानीतला पाच गाळ्यांचा, म्हणजे पाच कमानींचा, पूल. प्रत्येक गाळा १५ मीटरचा, काळा घडीव दगड, चुन्यातलं बांधकाम. पुलाचं नाव देत नाही, कारण दुरुस्तीचा प्रस्ताव अजून मंजुरीच्या रांगेत आहे.

पावसाळ्यापूर्वीची तपासणी म्हणजे यंत्रं लावून पूल तपासणं, असा बाहेरच्यांचा समज असतो. प्रत्यक्षात एक छापील तक्ता असतो. कठडा, डांबरी पृष्ठभाग, पाणी जायची छिद्रं, कमानीच्या पोटातल्या भेगा, खांब. भेगेवर काचेची पट्टी चिकटवून तारीख घालायची. पट्टी तडकली तर भेग वाढतेय. हातोडी मारत जायचं, पोकळ आवाज आला तिथे खडूची खूण करायची. जुने तक्ते चाळले तर 'पाया' या रकान्यासमोर वर्षानुवर्षं एकच शेरा: 'पाण्याखाली, दिसत नाही.' आणि शेवटी: 'पूल वाहतुकीस योग्य.' दोन्हींखाली सही एकाच माणसाची.

या पुलाच्या कमानी उत्तम होत्या. पोटाला पांढरे ओघळ होते, पण ती आमच्याच बांधकाम खात्याची करणी. मागे कधीतरी सांधे सिमेंटने भरून घेतले गेले. चुन्याचा सांधा पाणी आत घेतो तसं बाहेरही सोडतो. त्याचं तोंड सिमेंटने बंद केलं की वरून झिरपलेलं पाणी कमानीवरच्या भरावात कोंडतं, आतला चुना विरघळवतं आणि मिळेल त्या फटीतून ओघळतं. शिवाय डांबराचे थरावर थर चढवताना पाण्याची छिद्रं बुजवलेली. थर चढवल्याचं बिल सहज निघतं, खरवडून काढल्याचं निघत नाही. त्यामुळे कठडा दर दुरुस्तीला ठेंगणा होत जातो.

खरी गोष्ट कळली ती अभिलेखकक्षात. मेणकापडावर शाईने काढलेला पुलाचा उभा छेद, मापं फुटांत. चार खांबांपैकी तिघांचे पाये कातळात खाच घेऊन बसवलेले. तिसऱ्या खांबाखाली मात्र कातळ एकदम खाली उतरतो, म्हणून तो गोटे आणि मुरूम यांच्या थरावर, नदीच्या तळाखाली ६ फुटांवर टेकवलेला. त्याच्याभोवती दगडांची फरसबंदी आणि शेजारी बारीक इंग्रजी अक्षरात टीप: दर पावसाळ्यानंतर वाहून गेलेले दगड पुन्हा भरावेत. म्हणजे पूल बांधणाऱ्याला ही जागा नाजूक असल्याचं ठाऊक होतं. त्याने पैसे वाचवले आणि त्या बदल्यात कायमची राखण लिहून ठेवली. रस्त्याच्या देखभालीला नेमलेले मजूर, मैलकुली, होते तोवर ती झाली असावी. आमच्या उपविभागात आता ती पदं नावाला उरली आहेत, आणि दगड कधी भरले याची एकही नोंद मला मोजमाप पुस्तिकांत सापडली नाही.

पूर खांबावर आदळला की पाणी खांबाच्या टोकदार नाकापाशी खाली वळतं, तळाशी भोवरा धरतं आणि तिथली माती उपसतं. यालाच खरवड म्हणतात. फसवणूक पुढे होते. पूर ओसरताना तोच खड्डा सैल वाळूने भरून निघतो. एप्रिलमध्ये दोरी आणि ओळंब्याने खोली मोजली तर तळ सपाट दिसतो आणि 'खरवड नाही' असा अहवाल जातो. म्हणून ओळंब्यावर विसंबायचं नाही, सळई खुपसायची. २० मिलिमीटरची, टोक काढलेली, दर १० सेंटिमीटरला रंगाची खूण असलेली. कातळाला टेकली की हाताला ठण्ण असा झटका बसतो, गोट्यावर बोथट ठक होतं, वाळूत नुसती करकर जाणवते. हे कागदावर शिकवता येत नाही. आमच्या मुकादमाला ते माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

बाकीच्या खांबांपाशी सळई अर्ध्या मीटरच्या आत ठण्ण वाजली. तिसऱ्याच्या नाकापाशी हाताच्या जोराने २.४ मीटर खाली गेली. मुकादम म्हणाला, "साहेब, हिला काही अडतच नाही." मग तिरपी धरून पायाच्या खाली घातली, तर १.१ मीटर आत शिरली. प्रवाहाच्या खालच्या अंगाला वाळू उपसून नदीचा तळ जुन्या नकाशापेक्षा ९० सेंटिमीटर खाली गेलेला, म्हणजे ६ फुटांचं संरक्षण आधीच अर्ध्यावर आलं होतं. वाळू कोण उपसतं हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पंचनाम्यात मात्र 'अज्ञात इसम' असतात.

एक खांब खचला तर एकच गाळा जाईल, असं अनेकांना वाटतं. पण कमानी एकमेकींना रेटून उभ्या असतात. मधला खांब गेला की शेजारच्या कमानींचा रेटा घ्यायला कुणी उरत नाही. म्हणून लांब पुलात दर काही गाळ्यांनंतर एक जाडजूड खांब देतात, तिथे पडझड थांबावी म्हणून. या पुलाला तसा खांब नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा १९२८ सालचा पूल पुरात गेला आणि एसटीच्या दोन गाड्या नदीत गेल्या, त्यानंतर हे कुणाला समजावून सांगावं लागू नये. तरी लागतं.

वरिष्ठांना आकडे हवे होते. पाणलोट २५० चौरस किलोमीटर. सह्याद्रीतल्या नद्यांसाठी इंग्लिस यांचं सूत्र वापरतात, त्यानुसार पूर सेकंदाला सुमारे १९०० घनमीटर. लेसी यांच्या सूत्राने खरवड काढली तर खांबापाशी पूररेषेखाली १८ मीटर येते. ते सूत्र गाळाच्या कालव्यांवरून बसवलेलं. कोकणातल्या कातळ-गोट्यांच्या नदीत त्याचं उत्तर घाबरवतं, पण काही सांगत नाही. सळईने जे सांगितलं तेच मी अहवालात वर लिहिलं.

जड वाहनांना बंदी झाली. टिपरवाले चिडले, एसटीला वळसा पडला, एका बैठकीत 'इंग्रजांनी बांधलाय, तुमच्यापेक्षा मजबूत आहे' हे ऐकून घेतलं. बांधला बेलदार आणि पाथरवटांनी. आणि त्या काळातले जे कच्चे होते ते कधीच पडून गेले, आपल्याला फक्त टिकलेले दिसतात. पण त्या बंदीबद्दल मला स्वतःलाच अजून प्रश्न आहे. एका गाळ्याचं स्वतःचं वजन ४०० टनांच्या घरात, भरलेला टिपर ३० टनांचा. पायाखालची माती गेली तर टिपर असो वा नसो, खांब खचणारच. वजनाची पाटी अशा दुखण्याला जवळजवळ निरुपयोगी असते. उपयोगाची गोष्ट एकच होती: खांबावर लाल पट्टा रंगवला आणि पाणी तिथे पोचलं की दोन्ही टोकांना साखळी. पायी माणूससुद्धा नाही. पावसात ती साखळी अनेकदा लागली, रात्रीही. तिच्यापाशी छत्री घेऊन उभ्या राहणाऱ्यांना अतिकालिक भत्ता मिळावा म्हणून मी जेवढी पत्रं लिहिली तेवढी पुलासाठी लिहिली नसतील.

पूल पडला नाही. "बघा, काही झालं का?" हे आता दर बैठकीत ऐकायला मिळतं. नोव्हेंबरमध्ये पुन्हा सळई घातली, ती पायाखाली १.७ मीटर गेली.

दुरुस्ती अवघड नाही. वाळूच्या पोत्यांचा बांध घालून पाणी उपसायचं, खांबाभोवती कातळापर्यंत काँक्रीटची भिंत न्यायची; पण सगळा घेर एकदम उकरायचा नाही, दीड-दीड मीटरचे तुकडे एकाआड एक. मग पोकळीत कमी दाबाने ग्राउट, म्हणजे पातळ भरणमसाला, भरायचं, कारण जास्त दाब दिला तर जुना चुन्याचा सांधा उसवतो. वरून जाळीतले दगड, एकही ४० किलोंहून हलका नको. प्रस्तावावर शेरा आला: 'पाडून नवा पूल का नको?' नव्या पुलाला लेखाशीर्ष, म्हणजे सरकारी हिशेबात खर्चाचा रकाना, आहे, उद्घाटन आहे. मोजणी जोडून अंदाजपत्रक परत पाठवलंय. त्यात शेवटची बाब वेगळी दाखवली आहे: दर वर्षी पावसाळ्यानंतर २० घनमीटर दगड, तिसऱ्या खांबाभोवती, जागेवर मोजून. लेखा शाखेने विचारलंय की हा खर्च किती वर्षं चालणार.